बाहीवरचा खोंबारा

त्या पोरीला शनिवारी अकरा वाजता वसतिगृहात पोचवायचं, हे ठरलेलं होतं. फॉर्म भरला होता, फोटो चिकटवले होते, ट्रंक रिकामी करायची तेवढी राहिली होती. आणि गुरुवारी पोरीनं मामीच्या पोटावरच पाय दिला.

मामी एका टीव्ही स्टुडिओत कपडेपट सांभाळायची. सध्या तिथं सुट्टीत दाखवायच्या एका घरगुती संगीतपटाचं काम चाललं होतं. एक अनाथ मुलगी, सतरा गाणी आणि शेवटी घर. सतराव्या गाण्यात मुलगी जिन्यावरून उतरत येते, खाली अख्खं कुटुंब हात पसरून उभं असतं आणि मागं बत्तीस जण नाचतात. गाणं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं. ते स्पीकरवर लागायचं आणि मुलीनं नुसते ओठ हलवायचे. आठवडाभर तेच गाणं ऐकून सेटवरचे सुतारसुद्धा खिळे तालात ठोकायला लागले होते.

नव्याचं जुनं करणं हे मामीचं खास काम. अनाथ मुलीसाठी तिनं एकाच करड्या लोकरी कापडाचे तीन फ्रॉक शिवले, चहाच्या पाण्यात उकळले, कोपरांवर किसणी फिरवली, घेराला विटेची भुकटी चोळली, आणि आत गळ्याशी आकडे टाचले: एक, दोन, तीन. "जन्म गेला डाग काढण्यात," ती म्हणायची, "आणि आता पगार मिळतो तो डाग पाडण्याचा."

घरात मात्र तिला खरीखुरी अनाथ पोर मिळाली होती, आणि तिच्यासाठी एक ओळसुद्धा कुणी गायली नव्हती.

पोर नणंदेची. नऊ वर्षांची. बाप केव्हाच परागंदा झालेला. चार महिन्यांपूर्वी आई गेली, तसा मामा भाचीला घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी लांबच्या खेपेवर ट्रक घेऊन निघून गेला. जाताना तिला टाचणी हे नाव ठेवून गेला. अंगानं काडी, डोकं मोठं, आणि टोचते. मामीला म्हणाला, "तुला जमत नसेल, तर तुझं तू ठरव. मी काही बोलणार नाही." काही न बोलणं मामाला फार छान जमायचं. मामीनं ठरवलं.

नणंद आणि भावजय यांनी सहा वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याला कारण एक कोट. मामीचा एकुलता एक चांगला कोट, डाळिंबी लोकरीचा. त्याला डाव्या खिशाच्या वर कसर लागली आणि बोट जाईल एवढं भोक पडलं. नणंद एका ड्रायक्लीनरच्या दुकानात रफू करायची. तिनं कोट नेला, आठवड्यानं परत आणला आणि म्हणाली, "शोधून दाखव, वहिनी."

मामीनं शोधलं. उजेडात धरून, उलटसुलट करून, बोट फिरवून शोधलं. मामी स्वतः सुईची माणूस. टाका आहे आणि तिला सापडत नाही, असं आयुष्यात झालं नव्हतं. सापडेना, तेव्हा तिच्या डोक्यात एकच हिशेब बसला. टाका नाही म्हणजे भोक नव्हतं, भोक नव्हतं म्हणजे हा कोट माझा नाही. दुकानात असे दहा कोट येतात. हिनं माझा बिघडवला आणि दुसऱ्या कुणाचा उचलून आणला. ती हे नणंदेला तोंडावर बोलली, आणि तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून दुकानदारालाही जाऊन सांगून आली. नणंदेचं काम सुटलं. कोट मामीनं पुन्हा अंगाला लावला नाही, टाकलाही नाही. ट्रंकेत ठेवला. पुरावा म्हणून.

तेव्हा टाचणी घरात आली ती चोराच्या घरची म्हणूनच आली. मामी तिला उपाशी ठेवायची नाही, मारायची नाही. पण साखरेच्या डब्याचं झाकण तिच्यासमोर जरा जास्तच घट्ट लावायची. आणि टाचणीही काही कमी नव्हती. ती मामीला 'अहो' म्हणायची, तेही असं की पोस्टमनला म्हणावं.

"बूट पुसलेस?"

"हो."

"कशानं? माझ्या फडक्यानं?"

"माझ्या मोज्यानं."

शाळेला सुट्टी लागली तशी पोरीला ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला. खालच्या शेजारणीनं दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी हात टेकले. "बोलत नाही हो ही, नुसती बघते. मला माझ्याच घरात चोरट्यासारखं होतं." मग मामी तिला स्टुडिओत घेऊन जायला लागली. कपडेपटाच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाखाली कपड्यांचं एक गाठोडं होतं, त्यावर टाचणी दिवसभर बसायची.

"हिला सतरा गाण्यांत घर मिळतं," ती एकदा टेबलाखालून म्हणाली.

"मग?"

"काही नाही. मी तुमच्या रेडिओवरची धरून शंभर ऐकली."

मामीनं इस्त्री अशी आपटली की पाण्याचा वाडगा उडाला.

बुधवारी जिन्यावरचं गाणं सुरू झालं. अनाथ मुलीचं काम करणाऱ्या पोरीला सगळे बाळराणी म्हणायचे, आणि तिच्या आईला बाळराणीची आई, कारण त्या बाईला दुसरी काही ओळख नकोच होती. बाळराणी नाचत खाली येताना कठड्याच्या खिळ्याला तिची बाही अडकली आणि टर्रकन फाटली. कोपराखाली काटकोनातला खोंबारा पडला, आणि कापडाचा तुकडा जिभेसारखा लोंबायला लागला. पोरीनं एकदा तिकडं पाहिलं, ओठ चावला आणि पुढं निघाली. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. असं सांगून होत नसतं, म्हणाला. हा शॉट ठेवायचा, आणि उरलेलं अर्धं गाणं उद्या, याच फाटक्या बाहीनं.

बाळराणीची आई मात्र कपडेपटात येऊन उभी राहिली. "माझ्या मुलीला खरचटलं असतं. कसल्या कापडाचं शिवता तुम्ही?"

"खिळा सुताराचा," मामी म्हणाली, "बाही माझी, आणि धांदरटपणा तुमच्या लेकीचा. तिघांनी वाटून घेऊ."

त्यावर अर्धा तास जुंपली. एरवी मामी प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचायची: हा डाग ठेवायचा, हे बटण तुटकंच राहू दे. भांडणाच्या भरात फ्रॉक दोन तसाच फाटक्यांच्या ढिगावर पडला. चिठ्ठी राहिली.

गुरुवारी सकाळी नाचणाऱ्यांच्या बत्तीस घागऱ्यांना टाचण्या लावायला जाताना मामी दारातून मागं वळली. टाचणी गाठोड्यावर बसून खिडकीकडे बघत होती. तेवढंही मामीला खुपलं.

"खायला काळ नि भुईला भार. निदान त्या ढिगातलं काय फाटलंय ते तरी बघ."

एवढंच ती बोलली. हे नंतर तिला शब्दन् शब्द आठवलं.

दोन तासांनी ती परत आली, तेव्हा टाचणीनं बटणं तुटलेले वेगळे, शिवण उसवलेले वेगळे असे ढीग लावले होते. फ्रॉक हँगरवर होता. मामीनं तो काढला आणि बाही पाहिली. बाही धड होती.

चुकून एक नंबरचा घेतला, असं वाटून तिनं गळा उलटा केला. आत आकडा दोनचाच.

"बाही कुणी बदलली?"

"बदलली नाही," टाचणी म्हणाली. "रफू केला."

"कुणी?"

टाचणीनं खोलीभर नजर फिरवली, जणू आणखी कुणी आहे का ते बघतेय. "मी."

"धागा कुठला?"

"घेराच्या आतल्या दुमडीतला. त्याच कापडाचा लागतो. आई..."

"आईचं नाव काढू नकोस." मामीनं बाही तिच्यासमोर धरली. "फाटका हवा होता तो. फाटकाच हवा होता. तुला सांगितलं होतं कुणी शहाणपणा करायला?"

"फाटलंय ते बघ म्हणालात. मी बघितलं."

तेवढ्यात निर्मितीचा व्यवस्थापक दारात आला. त्याला घड्याळ म्हणायचे, कारण तो माणसाशी बोलताना तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघायचा. "बाई, फ्रॉक. दिवे लागलेत, पाच मिनिटं."

सेटवर मामी फ्रॉक घेऊन गेली ती फाशीच्या तख्ताकडं निघाल्यासारखी. मागून टाचणी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि थांबही कुणी म्हणालं नव्हतं. बनावट जिना, खाली बनावट दिवाणखाना, त्यात बनावट आई, बनावट बाप आणि भाड्यानं आणलेलं कुत्रं. सगळे तयार. दिग्दर्शकानं बाही हातात घेतली आणि दोन वेळा फिरवून पाहिली.

"खोंबारा कुठंय?"

"हिनं शिवून टाकला," मामी म्हणाली. बोट थेट पोरीकडे केलं. चिठ्ठी आपण टाचली नव्हती, हे तिच्या जिभेच्या टोकाशी आलं आणि तिनं गिळलं. "माझ्या नणंदेची पोर. शनिवारी वसतिगृहात जायचीय."

"मग आज इथं कशाला आणली?" घड्याळ म्हणाला. "ही काय पाळणाघराची जागा आहे?"

"मी कालच म्हणत होते," बाळराणीची आई म्हणाली, "या खात्यात शिस्त नाही."

तीन नंबरचा फ्रॉक पावसाच्या प्रसंगात भिजून आटला होता. मामीनं एक नंबरचा आणवला, त्याच खिळ्याला त्याच जागी अडकवला आणि हिसका दिला. बाही खांद्यापर्यंत चिरत गेली. खोंबारा काय, एकदा पडतो तसा पुन्हा पडत नाही.

"हा खोंबारा नाही, ही चिंधी आहे," दिग्दर्शक म्हणाला. तो ओरडत नव्हता. "बाई, सत्तर माणसं उभी आहेत. तो रफू उसवा. नाही जमलं, तर उद्यापासून दुसरं कुणीतरी उसवेल."

मामीनं कात्री घेतली. चष्मा चढवला. एका मुलाकडून दिवा जवळ ओढून घेतला, बाही उलटी केली, आणि खोंबारा जिथं होता तिथं बोट ठेवलं. बोटाखाली नुसतं कापड होतं. तिनं ताणून पाहिलं. नखानं खरवडून पाहिलं. दिव्यासमोर धरलं. उभा धागा, आडवा धागा, उभा, आडवा. कुठं सुरुवात नाही, कुठं गाठ नाही. फाटल्याचं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर तिनं कुणासमोरही शपथ घेतली असती की ही बाही बदललीय.

आणि तिथंच तिनं कात्री खाली ठेवली. नोकरीची भीती होतीच, पण कात्री ठेवली ती त्या भीतीनं नव्हे. शोधून दाखव, वहिनी.

"त्यांना सापडणार नाही," टाचणी दिग्दर्शकाला म्हणाली. "मामींना रफू दिसत नाही. आई म्हणायची."

कुणीतरी हसलं. मामी वळली. "मग तू काढ."

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही काढणार." टाचणीनं दोन्ही हात मागं बांधले. "आधी म्हणा, कोट बदलला नव्हता."

"कसला कोट?" घड्याळ मनगटाला म्हणाला.

मामीला वाटलं, या काडीचे दोन तुकडे करावेत. सत्तर माणसं, बत्तीस घागरे, भाड्याचं कुत्रंसुद्धा तिच्याकडं बघत होतं. बाळराणीच्या आईनं तर नीट ऐकू यावं म्हणून एक पाऊल पुढं टाकलं होतं.

"घरी बोलू."

"दुकानात तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

मामीनं ओठ आवळले. मग दातांतूनच म्हणाली, "नव्हता बदलला."

"काय नव्हतं?"

"कोट. तुझ्या आईनं कोट बदलला नव्हता. झालं समाधान?"

टाचणीनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. समाधान झाल्यासारखं काही दिसलं नाही. तिनं बाही घेतली, उलटी केली, डोळे मिटून जिभेनं ओलं केलेलं बोट फिरवलं, आणि सुईच्या टोकानं एक धागा उचलला. नखाएवढा, आतल्या बाजूला दडवून ठेवलेला. तो ओढला, तशी आडव्या धाग्यांची एक रांग मोकळी झाली. मग दुसरी. कात्री लागलीच नाही. सात मिनिटांत कापडाची जीभ पुन्हा कालच्यासारखी लोंबायला लागली. दिग्दर्शकानं कालचं चित्र शेजारी लावून पाहिलं, आणि तोंडातून "हं" एवढंच काढलं.

गाणं लागलं. बाळराणी फाटक्या बाहीनं जिना उतरली आणि बनावट आईच्या मिठीत शिरली. बापाची दाढी सुटत होती म्हणून मिठी तीनदा झाली. मामी आणि टाचणी कॅमेऱ्याच्या मागं उभ्या होत्या, मधे एका माणसाची जागा सोडून.

"उद्यापासून ही पोर इथं दिसता कामा नये," घड्याळ जाताजाता म्हणाला.

"परवा जातेयच," मामी म्हणाली.

शुक्रवारी टाचणी पुन्हा शेजारणीकडं राहिली, आणि घरात दोघींत लागेल तेवढंच बोलणं झालं: मीठ दे, दार लाव.

शनिवारी नऊ वाजता मामीनं पलंगाखालची ट्रंक ओढली. पोरीचे कपडे त्यातच जायचे होते. सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेला, डाळिंबी कोट. तिनं तो काढून पलंगावर टाकला आणि टाचणीचे दोन फ्रॉक, स्वेटर, टॉवेल आत रचायला लागली. टाचणी दाराशी उभी होती, पुसलेले बूट घालून.

"गुरुवारी तुम्ही खोटं बोललात," ती म्हणाली.

"म्हण म्हणालीस, म्हटलं. आता आणखी काय?"

"तुम्हाला फ्रॉक हवा होता म्हणून म्हणालात. बघून नाही म्हणालात."

"सहा वर्षं बघतेय मी तो कोट."

"बाहेरून." टाचणी पलंगापाशी आली, पण कोटाला हात लावला नाही. चोराच्या घरच्या माणसानं लावू नये तसा. "डाव्या खिशाच्या वर, दोन बोटांवर. आई शेवटचा धागा आत नखाएवढा सोडायची. उसवायची वेळ आली तर सापडावा म्हणून. कोटाला अस्तर असतं. अस्तर काढल्याशिवाय कसा दिसेल?"

मामीनं कोट जवळ ओढला. शिवणयंत्रावर वयाच्या चाळीस वर्षांतली पंचवीस वर्षं काढलेली ती बाई. कोट उलटसुलट केला, दिव्याला धरला, दुकानदारापर्यंत गेली. पण अस्तर उसवायचं तिला सुचलं नव्हतं. की सुचू दिलं नव्हतं?

तिनं ब्लेड घेतलं. खालच्या काठापासून अस्तराची शिवण टचटच उसवत वर गेली आणि हात आत घातला. डाव्या खिशाच्या वर, दोन बोटांवर. बोटाला काहीतरी गुदगुली झाल्यासारखं लागलं. तिनं कापड खिडकीकडं वळवलं. नखाएवढा धागा होता. डाळिंबीच.

मामीनं तो ओढला नाही. त्यावर अंगठा ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. 

"दुकानदाराला मी जाऊन सांगितलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तिनं सांगितलं?"

"दुकानदारानंच सांगितलं. आई नुसती म्हणायची, मामीला माझा रफू दिसत नाही." टाचणीनं कोटाकडं पाहिलं. "त्याचा तिला थोडा मानच वाटायचा. म्हणायची, सुईच्या माणसाला दिसला नाही म्हणजे झालं बरं काम."

मामीनं नाक ओढलं, आणि ते ओढणं रडण्याचं नाही हे कळावं म्हणून कोट जोरात झटकला. अस्तर लोंबत होतं.

"आता हे कोण शिवणार?"

"मला शिवण येत नाही. मला रफू येतो."

"शिवण येत नाही म्हणजे? सुतारानं म्हणावं, मला खुर्ची येते पण पाट येत नाही. इकडं बस. दिवा नको, खिडकीशी बस. दोरा केवढा घेतलास? शेतात बांध घालायचाय का?"

टाचणीनं दोरा तोडला. बूट तसेच पायात ठेवून बसली. मामीनं चार टाके घालून दाखवले आणि सुई तिच्या हातात दिली. पोरीनं पाच घातले. मामीनं चष्म्यावरून पाहिलं.

"कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसतंय. उसव."

उसवले. पुन्हा घातले.

"दात पडलेल्या म्हातारीसारखे. उसव."

सव्वाअकराला फोन वाजला. वसतिगृहाच्या बाई होत्या. अकराची वेळ दिली होती, दुसरी मुलगी जागेसाठी थांबलीय, तुम्ही निघालात की नाही? टाचणीनं सुई थांबवली, पण मान वर केली नाही.

"त्या मुलीला द्या," मामी म्हणाली. "आमचं अर्धं अस्तर राहिलंय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, पुढच्या आठवड्यात पण नाही. राहील ते काम. हिचा हात फार वाईट आहे."

तिनं फोन ठेवला. ट्रंकेतला स्वेटर वर काढून खुर्चीवर टाकला, मग टॉवेल, मग फ्रॉक. असे टाकले की जणू ते कुणी आत भरले याचाच राग आलाय.

"मी रडणार नाही," टाचणी टाक्यांना म्हणाली.

"कुणी सांगितलंय रड म्हणून. डाग पडतील अस्तरावर." मामीनं तिच्या पायातल्या बुटांचे बंद सोडले, एकेक, ओढूनच. "आणि सरळ घाल. तुझ्या आईच्या रफूचा कोपरा आलाय तिथं."